एरंडेल तेलातून पीचचा स्वाद

घोडपदेव भागातील सरबत, मिठाई व आईस्क्रीम बनविणारे आमचे बांधव पीचचा इसेन्स घेताना भाव विचारतात; तो कशापासून बनतो, हे क्वचितच. पीचच्या वासातील एक प्रमुख द्रव्य म्हणजे गॅमा-डेकालॅक्टोन. कृत्रिम माल रसायनांपासून होतो. ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा मात्र बहुधा एरंडेल तेलापासून!

या तेलातील रिसिनोलेइक आम्लाची साखळी १८ कार्बनची असते. ‘यारोविया लिपोलिटिका’ नावाचे यीस्ट ती दोन-दोन कार्बनने चार वेळा तोडते. उरलेल्या १० कार्बनच्या आम्लाचे कडे जुळले की पीचचा वास येतो. वेळीच थांबविले नाही तर यीस्ट तेही फस्त करते. १९८० च्या दशकारंभी किलोला सुमारे २०,००० डॉलर असलेला हा माल २००४ पर्यंत ३०० डॉलरच्या आसपास आला. एरंडी तर जगात सर्वाधिक आपल्याच देशात, विशेषतः गुजरातेत पिकते.

हलालच्या दृष्टीने तेलाची अडचण नाही, ते वनस्पतीचेच. परंतु यीस्टला खाद्य म्हणून प्राणिज पेप्टोन दिला होता काय, आणि इसेन्स मद्यार्कात विरघळविला की प्रोपिलिन ग्लायकॉलमध्ये, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. लेबलावरील ‘नैसर्गिक’ या शब्दातून यातले काहीच कळत नाही.