पिठाचे पंजे : हक्क संपला, पण प्रत कुठे?

अंबाजोगाईत आम्ही गॅदरिंगच्या तयारीला बसलो होतो. मी सुचवलं, "यंदा एखादा जुना मूक विनोदी लघुपट दाखवू." लगेच प्रश्न आला, "परवानगी कुणाची घ्यायची?" त्याचं उत्तर शोधताना मी जे शिकलो, ते इथे देतो.

दादासाहेब फाळके यांचा 'पिठाचे पंजे' हा विनोदी लघुपट १९१४ साली 'मोहिनी भस्मासुर'सोबत दाखवला गेला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम २६ प्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे राहतो. (आधी ५० वर्षे होती, १९९२ च्या दुरुस्तीने ६० झाली.) आता गणित करा. १ जानेवारी १९१५ पासून ६० वर्षे, म्हणजे ३१ डिसेंबर १९७४. आजचा नियम लावला तरी मुदत केव्हाच संपली. चित्रपट सर्वांचा! सावधगिरी एकच : जुन्या चित्रपटाला कुणी नवं संगीत दिलं असेल, तर त्या संगीताचा हक्क वेगळा.

आम्ही खूश! पण दाखवायला प्रत काही मिळाली नाही. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. चटकन पेटणारी, आणि नुसती पडून राहिली तरी खराब होणारी. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी.

हक्काची मुदत कायदा ठरवतो, फिल्मची मुदत रसायनशास्त्र. म्हणून घरी आजोबांच्या वेळची फिल्म किंवा जुनी कॅसेट असेल, तर तिची कॉपी आजच करून ठेवा.