रिपोर्ट नॉर्मल आला, तरी दुखणं खरंच आहे

अगं, सुलतानपूरहून मेहकरला एसटीनं जायचं असलं की तू सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीस, हे का मला कळत नाही? सोयाबीन निंदायला गेलीस तरी नजर आधी आडोसा शोधते. लग्नाचं आवतण आलं की पहिला विचार, तिथं सोय असेल का? रात्री चार-पाचदा उठायचं, वर घरचे म्हणणार, "बाईमाणसाला एवढं तेवढं असतंच." नाही गं, अंगावर काढू नकोस.

लघवीची पिशवी भरत आली की ओटीपोटात कळ, होऊन आलं की जरा बरं, थोड्या वेळानं पुन्हा घाई. हे सहा आठवड्यांच्या वर चाललं आणि तपासणीत जंतू, खडा काहीच निघालं नाही, तर तो 'ब्लॅडर पेन सिंड्रोम' असू शकतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. जंतूच नसतील तर मेडिकलमधून दर वेळी आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काय करणार? आधी लघवीचं कल्चर करून घे.

पाणी तोडू नकोस; घट्ट लघवी आणखी झोंबते. दिवसभर घोट घोट पी. चहा, ठेचा, लिंबू यांतलं एकेक बंद करून बघ, तुला काय बाधतं ते कळेल.

पोरांच्या जुन्या वहीत तीन दिवस लिही: किती वाजता गेलीस, मापाच्या भांड्यात किती मिली भरली, दहापैकी दुखणं किती. एरवी पिशवीत 400-500 मिली मावतं. तुला शंभरालाच घाई होत असेल, तर डॉक्टरांना ते वहीतच दिसेल. युरॉलॉजिस्टना दाखव. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडले असतील, तर ते सैल करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. जवळ येताना दुखतं, हे डॉक्टरांनाही सांग आणि नवऱ्यालाही. त्यात लाजायचं काही नाही.

कुणी "गर्भपिशवी काढून टाका" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या इतक्या काढल्या गेल्या, की 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. लघवीच्या पिशवीचं दुखणं गर्भपिशवी काढून जात नाही.

लघवीतून रक्त गेलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठ. एकटी जाऊ नकोस. मी येते सोबत.