रविवारचा रियाज

प्रश्न : मुलगी तबला शिकते. रविवारी दोन तास बसते, एरवी हात लावत नाही. कायदा दुगुनीत गेला की बोल पुसट होतात. काय करावे?

उत्तर : रविवारचे दोन तास आधी बंद करा. रोज वीस मिनिटे पुरेत. जोडी मात्र गवसणीतून काढून समोर ठेवा, माळ्यावर नको. दुगुन बिघडते ती ठाय लयीतच. 'तिरकिट' सुटे वाजवून बघा : बहुधा डग्ग्यावरचा 'कि' गळत असतो. अख्खा कायदा पुन्हा पुन्हा न वाजवता तेवढाच तुकडा आधी तोंडाने, हाताने टाळी देत म्हणायचा, मग लेहऱ्यावर संथ वाजवायचा. (लेहऱ्याचे मोबाइल अ‍ॅप चालेल.) आणि पाहुण्यांसमोर 'वाजवून दाखव' म्हणणे काही महिने टाळा.