पहिल्या २०० किलोमीटरला किती खर्च येतो? वाळूजच्या सायकलस्वारासाठी हिशेब

वाळूज एमआयडीसीत कुणी बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी करतो म्हणाला की पहिला प्रश्न ठरलेला: सायकल केवढ्याची? आकडा लाखात असेल असे गृहीत धरून बरेच जण तिथेच नाद सोडतात. खरे तर साधी गिअरची सायकल नीट बसत असेल, तर पहिले २०० किलोमीटर तिच्यावर होतात. पैसे कुठे घालायचे आणि कुठे थांबायचे, याचा हा हिशेब. किमती अंदाजे आहेत. खरेदीआधी दोन दुकानांत विचारा.

आधी नियम, मग पाकीट

बीआरएम ही शर्यत नाही. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचे, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. म्हणजे चहा, जेवण, पंक्चर सगळे धरून ताशी साधारण १५ किमी. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एका हंगामात चारही अंतरे पूर्ण केली की ‘सुपर रँडोनर’ हा किताब मिळतो. भारतात हे काम ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स आणि तिच्याशी जोडलेले क्लब पाहतात.

खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम असा की वाटेत सोबतच्या गाडीची मदत चालत नाही. ती फक्त कंट्रोल पॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी घेता येते. त्यामुळे गाडी, चालक, डिझेल हा खर्च मुळातच नाही. हेल्मेट सक्तीचे; अंधारात दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवेच.

सायकल

नवी हायब्रिड २० ते ३५ हजारांत येते, वापरलेली १० ते १८ हजारांत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे; जुन्या छापील किमतीवर ‘खास सूट’ सांगणाऱ्या दुकानदाराला याची आठवण करून द्या.

पुढे सस्पेन्शन असलेली जाड टायरची सायकल दिसते दणकट, पण डांबरी रस्त्यावर ते वजन दिवसभर ओढावे लागते. ३२ ते ३५ मिमीचे टायर पुरेत. वापरलेली घेताना मूळ बिल मागा, फ्रेमवरचा नंबर त्याच्याशी जुळवा, वेल्डिंगच्या जोडांवर तडा पाहा, चेन किती झिजली ते मेकॅनिककडून मोजून घ्या. जुनी कार्बन फ्रेम स्वस्तात मिळाली तरी नको. आतला तडा डोळ्यांना दिसत नाही.

सायकलीखेरीज

- हेल्मेट: १,५०० ते ३,०००
- पुढचे-मागचे दिवे, एकेक जादा धरून: २,००० ते ४,०००
- रिफ्लेक्टिव्ह जॅकेट: २०० ते ४००
- पॅड असलेली शॉर्ट्स: १,००० ते २,०००
- दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल: १,५०० ते २,५००
- बाटल्या, त्यांचे स्टँड, फ्रेमची पिशवी: ८०० ते १,६००

बेरीज ७,००० ते १३,५००. यात काटकसर करायचीच तर पिशवीत करा. दिवे आणि शॉर्ट्स यांत केलेली बचत शंभराव्या किलोमीटरनंतर महागात पडते.

बीआरएमच्या दिवशी नोंदणी ५०० ते १,०००, आणि केळी, चिक्की, राजगिरा लाडू, ओआरएस, एक जेवण मिळून ४०० ते ५००. परगावी जायचे असेल तर प्रवास-मुक्काम वेगळा.

सराव फुकट, थोडा कमाईचाही

संभाजीनगर शहरातून वाळूजला कामावर येणे म्हणजे एका बाजूने साधारण १५ किमी. आठवड्यातून तीन दिवस मोटारसायकलऐवजी सायकलने आलात तर महिन्याला ३५० किमीच्या आसपास सराव होतो आणि पेट्रोलचे सातशेएक रुपये वाचतात. वरची यादी वर्ष-दीड वर्षात यातूनच वसूल होते. फक्त शिफ्ट सुटण्याची वेळ टाळा; कंटेनर आणि कंपनीच्या बसगाड्यांच्या गर्दीत सराव होत नाही, जीव टांगणीला लागतो.

रविवारी कायगाव टोक्यावरून नेवासा फाटा गाठून परत या. ८०-९० किमी होतात. अहिल्यानगरला जाऊन-येऊन जवळपास २०० भरतात, ती रंगीत तालीम. चढासाठी शरणापूरमार्गे दौलताबादचा घाट, पुढे खुलताबाद, वेरूळ. समृद्धी महामार्ग कितीही गुळगुळीत असला तरी तिथे सायकलला मनाई आहे. एप्रिल-मेमध्ये उजाडण्याआधी निघा, नऊपर्यंत घरी या.

आत्ता घेऊ नका

क्लीटचे बूट (सहा हजारांपासून), जीपीएस कॉम्प्युटर (पंधरा हजारांपासून), कार्बनची चाके. मोबाइल आणि पॉवर बँकवर २०० किमी आरामात भागते. व्यावसायिक बाइक-फिटला दोन ते पाच हजार लागतात. सीटची उंची दुरुस्त करूनही गुडघा दुखत राहिला, तरच तिकडे वळा.

एक खर्च मात्र टाळू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाच्या कुणालाही बँक खात्यातून घेता येते. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांकडून हृदयाची तपासणीही करून घ्या.

पुढची पायरी

सुपर रँडोनरची पूर्ण मालिका म्हणजे १,५०० किमी. चार नोंदण्या २ ते ४ हजार, प्रवास-मुक्काम ६ ते १० हजार, खाणे ३ ते ५ हजार, टायर-चेन-ब्रेक पॅड-सर्व्हिसिंग ५ ते ७ हजार: एकूण १६ ते २६ हजार. दर चार वर्षांनी होणाऱ्या १,२०० किमीच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची पुढची खेप २०२७ मध्ये आहे. तिथे विमानाचे तिकीट आणि व्हिसाही आला. अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम ही शर्यत तर वेगळेच प्रकरण. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. तिथे गाड्या आणि मदतनिसांचा ताफा लागतो, आणि खर्च प्रायोजकाशिवाय झेपत नाही.

म्हणून प्रत्येक टप्प्याचा पैसा मागचा टप्पा झाल्यावरच काढा. २०० झाले की सायकलीत काय बोचते ते कळते; त्या एका गोष्टीवर खर्च करा आणि ३०० ला नाव द्या.