निरोपाचा प्रवास

(कोल्हापूर येथील एका विद्यार्थ्याने ‘संदेशवहनाची साधने’ हा विषय अभ्यासल्यानंतर आपले विचार लिहून काढले आहेत, अशी कल्पना करून हा पाठ लिहिला आहे.)

यंदा आमच्या वर्गात संदेशवहनाच्या साधनांचा अभ्यास झाला. मोबाइल, इंटरनेट, उपग्रह ही नावे आम्हां मुलांच्या ओठांवर सदैव असतात. परंतु निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, म्हणजे नेमके काय घडते, याचा विचार करण्याचा प्रसंग मला या अभ्यासामुळेच आला.

गुरुजींनी आरंभ केला तो आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासापासून. १६६० सालच्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. पाठलाग करणाऱ्या शत्रूला बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत थोपवून धरले. महाराज गडावर पोचताच तोफांचे आवाज करावयाचे, असा संकेत ठरला होता, असे परंपरा सांगते. त्या आवाजात एकही अक्षर नव्हते. तरी ‘महाराज सुखरूप पोचले’ हा सबंध अर्थ त्यात सामावला होता. आवाज करणारा आणि ऐकणारा, दोघांनाही तो अर्थ आधीपासून ठाऊक होता. शिवाय गडावरची तोफ अवेळी उडणार नाही, याविषयी खिंडीतील वीरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ठरलेला संकेत आणि परस्परांवरील विश्वास, या दोन गोष्टींवाचून कोणताही संदेश पुरा होत नाही, हे त्या दिवशी मला उमगले.

तोफेचा आवाज जेथवर पोचेल तेथवरच तो निरोप जाणार. त्यापलीकडे जासूद व घोडेस्वार यांच्या पायांवरच सारी भिस्त असे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो अनर्थ झाला, त्याची वार्ता उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रावरून कित्येक दिवसांनी कळली. मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत ते पत्र लिहिलेले होते. लढाई संपून गेली होती, आणि वार्ता मात्र अजून वाट चालत होती!

पुढे विजेने ही स्थिती पालटली. १८४४ साली अमेरिकेत सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठविला. आपल्या देशात १८५१ साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान तारेची सोय झाली आणि १८५५ पासून ती सर्व लोकांना खुली झाली. तारेतून शब्द जात नसत, विजेचा प्रवाह जात असे. तो क्षणभर वाहिला की बिंदू आणि थोडा अधिक वेळ वाहिला की रेघ. या बिंदूंची व रेघांची अक्षरे बनत. विशाळगडावरच्या तोफेप्रमाणे येथेही मूळ गोष्ट ठरलेल्या संकेताचीच होती.

तारेतील प्रत्येक शब्दाला दाम मोजावा लागे. म्हणून लोक मजकूर लिहीत, पुन्हा वाचत आणि अनावश्यक शब्द खोडून टाकीत. तारेच्या कागदावर ती कोठून व केव्हा निघाली, याची नोंद असे. दारी तारवाला आला, की घरातील माणसांच्या काळजात धस्स होई. कारण तार विनाकारण येत नसे. १४ जुलै २०१३ रोजी आपल्या देशात शेवटच्या तारा स्वीकारण्यात आल्या, आणि दीडशेहून अधिक वर्षे चाललेली ती सेवा बंद झाली.

दरम्यान नवी साधने एकामागून एक आली होती. १८८२ साली मुंबईत टेलिफोन केंद्र निघाले. १९२७ साली मुंबईहून रेडिओचे नियमित कार्यक्रम सुरू झाले. १९९५ साली भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण झाले आणि त्याच वर्षी इंटरनेट सर्वसामान्यांना उपलब्ध झाले. मोबाइलला आपण बिनतारी म्हणतो खरे. पण आपल्या हातातील यंत्रापासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतच निरोप तरंगांवर बसून जातो. पुढचा बहुतेक प्रवास जमिनीखालील काचतंतूंमधून, प्रकाशाच्या रूपाने होतो. त्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. समुद्रतळावरून अशाच तारा देशोदेशी गेल्या असून त्यांपैकी काही मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. मनोऱ्याला वीज मात्र सतत लागते. ती खंडित झाली आणि राखीव बॅटरी संपली, की हातातले यंत्र मुके होते.

निरोपाची खरी किंमत आम्हां कोल्हापूरकरांना पावसाळ्यात कळते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. तेथे ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर चढले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. राधानगरी धरण भरले, की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि ते पाणी भोगावतीतून काही तासांनी शहराजवळ येते. निरोप मात्र पळभरात येतो. पाणी येण्याच्या आधी मिळालेल्या या काही तासांतच वृद्धांना हलवावयाचे, गुरे सोडवावयाची आणि धान्य माळ्यावर चढवावयाचे असते. नव्या साधनांनी माणसाला दिलेली ही केवढी मोठी देणगी आहे!

परंतु त्याच वाटेने खोटा निरोपही तितक्याच वेगाने येतो. समजा, कोणी ‘पातळी ४३ फूट’ असा संदेश काल पाठविला आणि तो हातोहात फिरत आज आपल्याकडे आला. आपल्या यंत्रावर तो आपल्याला केव्हा मिळाला ती वेळ दिसते, तो प्रथम केव्हा लिहिला गेला ती दिसत नाही. काल खरा असलेला आकडा आज खोटा ठरतो. त्यावर विसंबून एखादे कुटुंब घरीच थांबले आणि पाणी त्यापूर्वीच वाढलेले असले तर? उलट, धरण फुटल्याची निराधार आवई उठली, तर भर रात्री माणसे वाट फुटेल तिकडे धावतील. अशा धावपळीत जीव जाईल, तो पाण्याने गेला असे म्हणता येईल काय?

तारेवर तिचे ठिकाण व वेळ नोंदण्याचे काम तार कचेरी करीत असे. आज ते काम आपल्यालाच करावयाचे आहे. संदेश कोणी दिला, कोठून दिला, केव्हा दिला, एवढे तीन प्रश्न विचारून मगच तो पुढे धाडावा. उत्तर मिळाले नाही, तर तो आपल्यापाशीच थांबवावा. पूर्वी शब्दाला पैसे पडत, म्हणून माणसे विचार करीत. आता पैसे पडत नाहीत, म्हणून विचार अधिकच केला पाहिजे.

संदेशाची साधने यापुढेही बदलत राहतील. आमच्या मुलाबाळांना आमचे मोबाइल तारयंत्राइतके जुने वाटतील. पण खिंडीत लढणाऱ्याला गडावरच्या तोफेचा जो भरवसा वाटत होता, तोच आपल्या शब्दाविषयी दुसऱ्याला वाटावा, ही अपेक्षा मात्र कधीही जुनी होणार नाही.

स्वाध्याय

१. विशाळगडावरील तोफेचा आवाज आणि तारेतील बिंदू-रेघा यांत कोणते साम्य आहे?
२. मोबाइल पूर्णपणे बिनतारी नाही, असे का म्हटले आहे?
३. ‘काल खरा असलेला आकडा आज खोटा ठरतो.’ हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : भिस्त असणे, काळजात धस्स होणे, आवई उठणे.
५. घरातील वडीलधाऱ्या माणसांना तारेविषयी किंवा ट्रंक कॉलविषयी विचारा आणि ती माहिती दहा ओळींत लिहा.