जुन्या जाकिटाला नवा रंग



डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे तळोद्याच्या रस्त्यावर उभे राहून पाहा. सातपुड्यावरून उतरलेला गार वारा अंगाला झोंबत असतो. अक्कलकुव्याकडून येणारे, तापी ओलांडून नंदुरबारकडे जाणारे मोटारसायकलस्वार कान बांधून निघालेले असतात. त्यांतल्या एखाद्याच्या अंगात चामड्याचे जाकीट असते. जवळून पाहिले, तर कोपराशी आणि गळपट्टीशी त्याचा काळा रंग उडून पांढुरके चट्टे पडलेले दिसतात.

समजा, असेच एक जाकीट तुमच्या घरी आहे. वडिलांनी दहा-बारा वर्षे वापरले, आता ते तुमच्या मोठ्या भावाला होते. शिवण शाबूत आहे, चामडे कोठे फाटलेले नाही. गेला आहे तो फक्त रंग. नवे घ्यायचे म्हणजे काही हजारांचा खर्च. घरात कोणी म्हणते, "पातेल्यात पाणी उकळून रंगाची पुडी टाका आणि साडी रंगवतो तसे रंगवा." दुसरे कोणी म्हणते, "बुटाचे काळे पॉलिश फासा, झाले काम!"

पहिला सल्ला ऐकलात तर जाकीट जाईल. दुसरा ऐकलात तर आतला सदरा जाईल! असे का, ते समजायला आधी चामडे म्हणजे काय ते पाहू या.

कातडे आणि चामडे

जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे. ते ओले राहिले तर कुजते, वाळले तर पत्र्यासारखे कडक होते. त्यावर प्रक्रिया करून ते टिकाऊ आणि मऊ केले, की त्याला चामडे म्हणतात. या प्रक्रियेला 'कमावणे' असा सुंदर मराठी शब्द आहे.

कातडे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन पदरांचा पीळ घातलेला दोरच. त्याची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि जाडी सुमारे दीड नॅनोमीटर असते. असे असंख्य दोर एकत्र येऊन तंतू होतात आणि तंतूंचे जाळे म्हणजे कातडे. ओले कच्चे कातडे सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवले, की या दोरांचा पीळ सुटतो आणि कातडे आखडून गोळा होते. पुढे उकळत राहिले तर त्याची खळ, म्हणजे सरस, होते.

कमावण्यात आपण काय करतो? शेजारशेजारच्या दोरांना आडव्या गाठी मारतो. गाठी मारल्या की पीळ सहज सुटत नाही आणि कुजवणाऱ्या जीवाणूंनाही ते तंतू तोडता येत नाहीत.

गाठी मारण्याच्या दोन रीती

पहिली रीत फार जुनी, झाडांच्या सालींची. बाभळीची साल, हिरडा, खैराचा कात यांत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. हिरडा चावल्यावर जीभ आखडल्यासारखी होते ना? टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तसे वाटते. कातड्याच्या प्रथिनालाही ते असेच धरून बसते. आपल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाने आणि चपला घडवणाऱ्या चांभार समाजाने हे रसायनशास्त्र पिढ्यान् पिढ्या हातांत जपले. गावाने चपला वापरल्या. पण त्या करणाऱ्यांना मात्र वेशीबाहेर ठेवले, हेही आपण विसरता कामा नये.

दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. अमेरिकेत ऑगस्टस शुल्झ यांनी १८८४ साली तिचे पेटंट घेतले. सालीने कमावण्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. क्रोमने एक-दोन दिवसांत काम होते. क्रोमचे चामडे मऊ, हलके आणि उष्णतेला दाद न देणारे असते. म्हणून बाजारातली बहुतेक जाकिटे क्रोमच्या चामड्याची असतात.

प्रयोग पहिला : हे चामडे कोणत्या रीतीचे?

साहित्य : चपला करणाऱ्या कारागिराकडून मागून आणलेली सालीच्या चामड्याची कापटी, जुन्या मऊ बुटाचा किंवा हातमोज्याचा तुकडा, पातेले, चिमटा, पट्टी.

कृती : दोन्ही चामड्यांच्या सारख्या लांबीच्या अरुंद पट्ट्या कापा व मोजून घ्या. त्या थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवा. मग शिक्षकांच्या किंवा मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली चिमट्याने उकळत्या पाण्यात एक मिनिट धरा. बाहेर काढून पुन्हा मोजा.

निरीक्षण : सालीच्या चामड्याची पट्टी वाकडीतिकडी होऊन आखडते. क्रोमच्या चामड्यात फारसा फरक पडत नाही.

अनुमान : सालीच्या गाठी साधारण ७० ते ८५ अंशांना हार मानतात. क्रोमच्या गाठी उकळत्या पाण्यातही टिकतात.

तुकडा जाळून पाहण्याचा मोह मात्र टाळा. चामड्यातले क्रोमियम निरुपद्रवी रूपात असते. जाळताना त्याचे विषारी रूप तयार होऊ शकते.

"मग क्रोमचे जाकीट उकळायला काय हरकत?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न चांगला आहे. पण जाकीट म्हणजे नुसते चामडे नव्हे. तंतू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कारखान्यात चामड्याला तेल पाजलेले असते. ते गरम पाण्याने निघून जाते आणि वाळल्यावर जाकीट लाकडासारखे होते. अस्तर आटते, वरचा लेप सुटतो. गाठी टिकल्या, तरी जाकीट टिकत नाही.

खिळ्याभोवतीचा काळा डाग

आता रंगाकडे वळू. कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली आणि तिच्यात लोखंडी खिळा असला, तर त्या खिळ्याभोवती काळा-निळा डाग पडतो. हा डाग म्हणजे एक जुना रंगच आहे. लोह आणि टॅनिन एकत्र आले, की आधी फिकट संयुग होते. हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे ऑक्सिडीकरण झाले, की ते गर्द काळे बनते. युरोपात शतकानुशतके मायफळ आणि हिराकस यांची शाई वापरात होती. तिचे रहस्य हेच. आपल्याकडे हिरडा आणि लोह यांनी सुती कापड काळे करतात, तेही याच तत्त्वावर.

प्रयोग दुसरा : हिरड्याचा काळा रंग

साहित्य : गंजलेले खिळे, व्हिनेगर, हिरड्याची पूड, काचेची बरणी, कुंचला, रबरी हातमोजे, सालीच्या चामड्याच्या दोन पट्ट्या, क्रोमच्या चामड्याची एक पट्टी.

कृती : खिळे साबणाने धुऊन बरणीत घाला व बुडतील इतके व्हिनेगर ओता. झाकण सैल ठेवा, कारण आत हायड्रोजन वायू तयार होतो. बरणी विस्तवापासून दूर ठेवा. सात-आठ दिवसांनी द्राव फडक्यातून गाळा. हिरड्याची पूड रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्या. सालीच्या चामड्याची एक पट्टी या पाण्यात तासभर बुडवा. दुसरी तशीच ठेवा. आता तिन्ही पट्ट्यांवर कुंचल्याने लोहाचा द्राव लावा.

निरीक्षण : सालीची साधी पट्टी पाहता पाहता काळवंडते. हिरड्यात बुडवलेली पट्टी त्याहून गर्द होते. क्रोमची पट्टी बहुधा जवळपास तशीच राहते. ती काळवंडली, तर कारखान्यात तिला क्रोमनंतर सालीचा अर्कही दिला होता असे समजावे.

अनुमान : येथे काळा रंग बाहेरून आणलेला नाही. चामड्यात आधीच असलेल्या टॅनिनपासून तो जागच्या जागी तयार झाला.

हिरड्याऐवजी कात घेऊन हाच प्रयोग करा. या वेळी काळ्यात हिरवट झाक दिसते का? हिरड्याचे आणि काताचे टॅनिन वेगवेगळ्या जातींचे आहे, त्याचा हा पुरावा. प्रयोग झाल्यावर पट्ट्या खाण्याच्या सोड्याच्या फिक्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुवा आणि वाळताना थोडे तेल चोळा. आम्ल आणि जास्तीचे लोह आत राहिले, तर चामडे काही वर्षांत ठिसूळ होते.

या प्रयोगातून मुख्य गोष्ट कळते : ज्याला धरायला आत काही आहे, तोच रंग बसतो. सालीच्या चामड्यात लोहाला धरणारे टॅनिन असते, क्रोमच्या चामड्यात नसते. पण क्रोमच्या चामड्यात दुसरे काही असते. आम्लयुक्त पाण्यात त्याच्या तंतूंवर धनप्रभार येतो. म्हणून ऋणप्रभार असलेले कृत्रिम रंजक त्याला पटकन चिकटतात. कारखान्यात मोठ्या पिंपांत फिरवून चामडे असेच रंगवतात. लोकर रंगवण्याची रीतही हीच. लोकर आणि चामडे दोन्ही प्रथिनेच ना!

जाकिटाचा रंग कोठे असतो?

आता जाकिटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि पाच मिनिटे पाहा.

थेंब आत मुरून डाग गडद झाला, तर जाकिटाचा रंग तंतूंतच आहे. वर जाड लेप नाही. अशा चामड्याला आत शिरणारा रंजक चालतो.

थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला, तर वर राळेचा पातळ लेप आहे आणि त्यात रंगाचे कण अडकवलेले आहेत. बहुतेक जाकिटे या प्रकारची असतात. कोपराशी जे गेले आहे ते चामड्याचे अंग नव्हे, हा लेप आहे. येथे आत शिरणारा रंजक ओतला, तर उघड्या जागी तो मुरेल आणि बाकीच्या जागी ओघळून जाईल. जाकीट चित्त्यासारखे दिसेल! येथे लेपालाच लेप हवा.

पॉलिश का चालत नाही, तेही आता कळले. पॉलिश म्हणजे मेण आणि रंग. मेण कशालाही बांधले जात नाही. घाम आणि घर्षण लागले, की ते सदऱ्यावर उतरते.

आता जाकीट रंगवू या

काम घरातल्या मोठ्या माणसांबरोबर, खिडक्या उघड्या ठेवून, विस्तवापासून दूर करा.

१. सौम्य साबणाचे पाणी फडक्याला लावून जाकीट पुसा. सावलीत वाळवा, उन्हात नको.

२. जुने पॉलिश आणि तेलकटपणा काढण्यासाठी कापसाच्या बोळ्याने थोडे रबिंग स्पिरिट फिरवा. ते ज्वालाग्राही आहे, हे विसरू नका.

३. लेपाचे पोपडे निघत असतील तेथे अगदी बारीक काचकागद हलक्या हाताने फिरवा आणि धूळ पुसा.

४. चेन, बटणे आणि अस्तर यांवर चिकटपट्टी लावा.

५. चामड्यासाठीचा, पाण्यात मिसळणारा लेपाचा रंग घ्या. आधी आतल्या कोपऱ्यात लावून एक दिवस वाट पाहा. ठीक वाटले, की ओल्या स्पंजाने पातळ हात द्या. वाळू द्या, पुन्हा द्या. एका जाड हातापेक्षा तीन-चार पातळ हात बरे. जाड थर वाकवला की तडकतो.

६. शेवटी वरून संरक्षक पारदर्शक लेप द्या आणि जाकीट एक दिवस टांगून ठेवा. मग पांढरे फडके घासून पाहा. फडके पांढरे राहिले, तर तुम्ही पास!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुरणाऱ्या रंजकाने तपकिरीचे काळे होते, काळ्याचे तपकिरी होत नाही. रंजक प्रकाश शोषतो. नवा रंजक घातला की शोषण वाढते. आधीचे कमी होत नाही.

उरलेला रंग आणि स्पिरिटचे बोळे नाल्यात टाकू नका. चामड्याच्या धंद्यातले सांडपाणी ही मोठी समस्या आहे. चेन्नईला १९४८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत पाणी आणि क्रोमियम कमी वापरून चामडे कसे कमावावे, यावर संशोधन चालते. जुने जाकीट आणखी दहा वर्षे वापरले, तर तेवढे नवे चामडे कमावावे लागत नाही. तुमचा वाटा छोटा असेल. पण तो खरा आहे.

विचार करा

१. पावसात भिजलेली कोल्हापुरी चप्पल चुलीजवळ वाळवू नये, असे जुनी माणसे सांगतात. पहिल्या प्रयोगाच्या आधारे कारण लिहा.

२. सालीच्या चामड्याचा पट्टा काळा करायचा आहे आणि क्रोमच्या चामड्याची पिशवी काळी करायची आहे. दोन्हींसाठी एकच रीत का चालणार नाही?

३. तुमच्या परिसरातल्या बाभूळ, ऐन, आवळा आणि बेहडा यांच्या गळून पडलेल्या साली व फळे गोळा करा. त्यांचा अर्क काढून त्यात लोहाच्या द्रावाचे थेंब टाका. कोणता अर्क सर्वांत काळा होतो, त्याचा तक्ता करा. जिवंत झाडाची साल मात्र सोलू नका.