शब्दार्थांची वही

मराठी माध्यमाच्या शाळेत नवे इंग्रजी शब्द बहुधा शब्दार्थांच्या वहीतून शिकवले जातात. पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. धडा वाचण्याआधीच यादी फळ्यावर येते, मुले ती उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पाठ करून येतात. महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवत. २००० सालापासून ते पहिलीत आले. इयत्ता खाली आली, तरी वहीतली उभी रेघ पुष्कळ वर्गांत तशीच राहिली.

प्रस्तुत लेखकाच्या शाळेत हे पाठांतर चालीवर होई. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असे सगळा वर्ग एका सुरात म्हणे. लांबलचक स्पेलिंगे लक्षात ठेवायला मुलांनी त्यांचे तुकडे पाडले होते. ‘टुगेदर’साठी ‘टू-गेट-हर’, ‘वेन्सडे’साठी ‘वेड-नेस-डे’. स्पेलिंगच्या चाचणीत याचा चांगला उपयोग होई आणि म्हणूनच त्यातली हानी कोणाच्या ध्यानात येत नसे. पुस्तक उघडून मोठ्याने वाचायची वेळ आली की तोच शब्द ‘टू-गेट-हर’ असाच तोंडातून बाहेर पडे. यादीच्या मधला एखादा शब्द विचारला, तर मुले पुटपुटत पहिल्या शब्दापासून सुरुवात करत आणि तिथपर्यंत पोहोचत. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांतलाच एखादा शब्द नव्या धड्यात आला, तर तो ओळखीचा वाटत नसे. मुलांनी कष्टात कसूर केली नव्हती. त्या कष्टांची दिशा चुकीची होती.

एका रात्रीत पाठ केलेले का टिकत नाही, याचे उत्तर फार जुने आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग तासाभरातच निसटतो, असे त्याला आढळले. उजळणी एका दमात करण्यापेक्षा काही दिवसांवर विभागली, तर ती कमी कष्टात होते, हेही त्याने दाखवले. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले. पण आठवड्यानंतर, उतारा न पाहता आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे गेले. वही उघडी ठेवून एकच शब्द दहा वेळा लिहिणे हा पहिल्या प्रकारचा अभ्यास आहे. वही मिटून तो शब्द एकदा आठवणे अधिक मोलाचे.

खरी अडचण मात्र अर्थाच्या रकान्यात आहे. ‘लुक म्हणजे बघणे’ एवढेच पाठ असलेल्या मुलाला ‘लुक आफ्टर’ हे सांभाळणे आणि ‘लुक फॉर’ हे शोधणे कसे, ते उमगत नाही. ‘क्लोज म्हणजे बंद करणे’ शिकलेला मुलगा ‘क्लोज द लाइट’ म्हणतो, कारण मराठीत दारही बंद होते आणि दिवाही. मराठीत लग्न कोणाशी तरी होते, म्हणून इंग्रजीत ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते. तिथे ‘मॅरीड टू’ हवे असते. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्या मराठी व्याकरणाला धरून झालेल्या असतात आणि लाल शाईच्या फुलीने जात नाहीत. शब्द एकेकटा शिकवणे थांबवले, तरच त्या कमी होतात. ‘स्विच ऑफ द लाइट’ हा सगळा तुकडा एकच शब्द मानून शिकवावा.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द ही मुलांची शिदोरीच असते. टेबल, बस, स्टेशन, कप हे शब्द घेऊनच मूल पहिलीत येते. मात्र त्यांतल्या काहींनी इकडे आल्यावर अर्थ बदलला आहे. मराठीत मिसळ खायला ‘हॉटेला’त जातात, तर इंग्रजीत हॉटेल मुख्यतः मुक्कामाचे ठिकाण असते. असे शब्द वर्गात मुद्दाम वेगळे काढून दाखवावे लागतात.

कोणते शब्द आधी शिकवावेत, यावर मायकेल वेस्ट यांनी पुष्कळ काम केले. बंगालमध्ये ढाक्याला अध्यापन करताना त्यांनी भारतीय मुलांसाठी मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली. १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २,००० सर्वाधिक उपयोगी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी मजकुरातला बहुतांश भाग एवढ्या शब्दांनी व्यापतो. निबंधाला शोभा यावी म्हणून पाठ करवून घेतलेले अवघड शब्द त्याआधी शिकवणे म्हणजे मुलांचा वेळ वाया घालवणे होय.

उच्चारासाठी गाइडमधील देवनागरीवर विसंबू नये. तिथे शब्दातल्या कोणत्या भागावर जोर द्यायचा ते कळतच नाही. मोबाइलवरील शब्दकोशात उच्चार ऐकता येतो. तो ऐकून मगच स्पेलिंगकडे वळावे.

वहीऐवजी जाड कागदाच्या चिठ्ठ्या वापरणे सोयीचे ठरते. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला तेच इंग्रजीत, शिकायच्या शब्दाखाली रेघ. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये अशा चिठ्ठ्यांसाठी कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि तिची पाळी अधिक दिवसांनी येते. चुकले की ती पहिल्या कप्प्यात परतते. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे घातले की ही पेटी तयार होते. इंग्रजी न येणारे आईवडीलही या अभ्यासात मदत करू शकतात. मराठी बाजू त्यांनी वाचायची, मुलाने इंग्रजी वाक्य म्हणायचे आणि मग चिठ्ठी उलटून दोघांनी मिळून ताडून पाहायचे.